सवलत आणि हिशेब : अल्पखर्ची चित्रपटाच्या मूल्यमापनाचा नैतिक प्रश्न

१

'इतक्या तुटपुंज्या पैशांत इतके साधले, हेच पुष्कळ' हे वाक्य चित्रपटसमीक्षेत वारंवार आढळते. ते औदार्याचे वाक्य मानले जाते आणि लिहिणाऱ्याला, वाचणाऱ्याला व ज्याच्याविषयी लिहिले त्याला, असे तिघांनाही ते समाधान देते. तथापि, थोडी चिकित्सा केली असता या वाक्यात तीन भिन्न प्रकारची विधाने एकमेकांत मिसळलेली दिसतात. पैसे कमी होते, हे वस्तुस्थितीविषयीचे विधान. कर्त्याने जिद्द दाखविली, हे त्याच्या चारित्र्याविषयीचे विधान. आणि कलाकृती चांगली आहे, हा मूल्यनिर्णय. पहिल्या दोन विधानांवरून तिसरे निष्पन्न होत नाही. असे असूनही ते निष्पन्न होते असा आभास या वाक्यरचनेतून निर्माण होतो. शिवाय त्यात एक अनुच्चारित तुलनाही दडलेली असते. पैसे अधिक असते तर हाच चित्रपट अधिक चांगला झाला असता, हे येथे गृहीत धरलेले असते, आणि हे गृहीत मात्र कोणी तपासून पाहत नाही.

कलाकृतीचे मूल्यमापन करताना तिच्या निर्मितीमागील दारिद्र्याचा विचार करावा काय, हा प्रश्न वरकरणी सौंदर्यशास्त्रीय वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र न्यायाचा प्रश्न आहे. विचार करू नये, असे म्हटले तर ज्यांना साधने उपलब्धच नव्हती त्यांच्यावर अन्याय होतो. करावा, असे म्हटले तर समीक्षेचे रूपांतर दयाबुद्धीत होण्याची भीती असते. मराठी समीक्षेला हा पेच अपरिचित नाही. मात्र चित्रपटाच्या संदर्भात तो अधिक तीव्र होतो.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन भूमिकांचे जे विवेचन केले आहे, त्याच्या आधारे हा पेच नेमकेपणाने मांडता येतो. अलौकिकतावादी भूमिका कलाकृतीला स्वायत्त मानते. तिच्या दृष्टीने चित्रपटाचा जमाखर्च हा कवीच्या उपासमारीइतकाच अप्रस्तुत आहे, कारण प्रेक्षकासमोर असतात ती दृश्ये आणि ध्वनी. लौकिकतावादी भूमिकेला कला व जीवन यांच्यात अशी भिंत मान्य नसते. साहजिकच निर्मितीच्या परिस्थितीला ती प्रस्तुत मानू शकते. परंतु चित्रपटाच्या बाबतीत अलौकिकतावाद्यालाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. कवितेच्या माध्यमात पैसा नसतो. कवी उपाशी असला तरी त्याच्या शब्दसंग्रहातला एकही शब्द त्यामुळे महाग होत नाही. चित्रपटाचे तसे नाही. एखादे दृश्य किती वेळा चित्रित करता येईल, प्रकाश किती आणि कोठून येईल, आवाज जागेवरच टिपता येईल की नंतर भरावा लागेल, या साऱ्या गोष्टी विकत घ्याव्या लागतात. म्हणजे पैसा हा येथे कर्त्याच्या चरित्राचा भाग राहत नाही. तो माध्यमाच्या द्रव्यातच मिसळलेला असतो. म्हणूनच चित्रपटाच्या खर्चाचा विचार पूर्णतः टाळता येत नाही. तो कोणत्या ठिकाणी आणि कशासाठी करावा, एवढेच ठरवावयाचे असते.

२

या विचारातील पहिली अडचण निकषांची आहे. 'तांत्रिक दोष' म्हणून ज्यांची नोंद होते, त्यांतील बहुतेक गोष्टी एका विशिष्ट उद्योगाने रूढ केलेल्या सफाईपासूनची विचलने असतात. समान प्रकाश, अखंड सुस्पष्ट संवाद, अदृश्य संकलन हे गुण निसर्गदत्त नाहीत. त्यांची सवय प्रेक्षकाला लावली गेलेली असते आणि ती सवय लावण्यासाठी मोठे भांडवल खर्च झालेले असते. क्यूबाचे दिग्दर्शक हुलिओ गार्सिया एस्पिनोसा यांनी १९६९ मध्ये लिहिलेल्या 'अपूर्ण चित्रपटा'विषयीच्या निबंधात या सफाईलाच आव्हान दिले. तांत्रिक आणि कलात्मक दृष्ट्या निर्दोष असलेला चित्रपट बहुधा प्रतिगामी असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या विधानातील अतिव्याप्ती बाजूला ठेवली, तरी एक मुद्दा शिल्लक राहतोच. ज्या मोजपट्टीने गरीब चित्रपट तोकडा ठरतो, ती मोजपट्टी श्रीमंत चित्रपटाच्या घरची असू शकते.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याचे प्रत्यंतर दोन वेळा आले आहे. पहिले लघुनियतकालिकांच्या संदर्भात. चक्रमुद्रित प्रतींतील फिकट अक्षरे आणि ओबडधोबड मांडणी ही प्रस्थापित मासिकांच्या गुळगुळीत पानांपुढे दारिद्र्याची खूण होती. पण त्याचबरोबर, कोणा संपादकाची वा जाहिरातदाराची मर्जी सांभाळावी लागत नाही, याचीही ती खूण होती. दुसरे प्रत्यंतर दलित साहित्याच्या संदर्भात आले, आणि ते अधिक मूलगामी होते. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती!' (१९६३) या संग्रहानंतरच्या काळात या साहित्याला वेगळे निकष लावावेत काय, हा वाद दीर्घकाळ चालला. त्या वादातील महत्त्वाचा धडा असा, की 'वेगळे निकष' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ होतात आणि ते परस्परविरोधी आहेत. एका अर्थाने प्रस्थापित निकषांची मर्यादा उघड होते, आणि निकषच पुन्हा तपासावे लागतात. दुसऱ्या अर्थाने निकष आहेत तसेच राहतात. फक्त काही लेखकांपुरती उत्तीर्णतेची रेषा खाली आणली जाते. पहिला अर्थ समीक्षेचा विस्तार करतो. दुसरा अर्थ लेखकाचा अपमान करतो, मग तो अपमान कितीही सौजन्यपूर्ण असो.

अल्पखर्ची चित्रपटाला मिळणारी सवलत ही बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. मोजपट्टी कोणाची आहे, हे ती विचारत नाही. ती केवळ गुणांची खैरात करते.

३

या तात्त्विक चर्चेची कसोटी एखाद्या विशिष्ट कलाकृतीवरच घेतली पाहिजे. त्यासाठी जॉन अब्राहम यांचा 'अम्मा अरियान' (१९८६) हा मल्याळम चित्रपट विशेष उपयुक्त ठरतो. त्याच्या शीर्षकाचा अर्थ साधारणपणे 'आईला कळावे म्हणून' असा सांगता येईल. जॉन अब्राहम (१९३७–१९८७) हे पुण्याच्या चित्रपटसंस्थेत ऋत्विक घटकांचे विद्यार्थी होते. 'अग्रहारत्तिल कळुदै' (१९७७) हा त्यांचा तमिळ चित्रपट ब्राह्मणवस्तीत आलेल्या गाढवाच्या निमित्ताने सनातनी समाजाचा उपहास करणारा होता. 'अम्मा अरियान' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. तो कोणा निर्मात्याच्या वा वित्तसंस्थेच्या पैशांतून तयार झालेला नाही. जॉन आणि त्यांचे सहकारी यांनी कोळिकोड येथे 'ओडेसा' नावाचा गट स्थापन केला. हा गट गावोगाव फिरला. त्याने पथनाट्ये केली, चित्रपट दाखविले आणि लोकांकडून लहानलहान रकमा गोळा केल्या. त्या रकमांतून चित्रपट उभा राहिला, आणि नंतर तो व्यापारी वितरणाच्या बाहेर, लोकांमध्ये नेऊन दाखविण्यात आला.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे : पुरुषन हा तरुण दिल्लीला जाण्यासाठी वायनाडमधून आईचा निरोप घेऊन निघतो, पत्रे लिहीत राहीन असे तिला सांगतो. वाटेत एका तरुणाचे प्रेत त्याच्या दृष्टीस पडते. तो चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही. ती अस्वस्थता त्याला पुढे जाऊ देत नाही. दिल्लीचा विचार सोडून तो मृताची ओळख शोधू लागतो. मृत तरुण हरी नावाचा तबलावादक होता, हे हळूहळू उलगडते. मग त्याच्या आईला ही वार्ता सांगण्यासाठी कोचीच्या दिशेने प्रवास सुरू होतो. वाटेत एकेक मित्र या प्रवासात सामील होतो आणि एकट्याची वाट एका समूहाची होते. मधूनमधून वैद्यकीय शिक्षणाच्या खासगीकरणाविरुद्धचे विद्यार्थी आंदोलन, कष्टकऱ्यांचे लढे यांसारखे प्रसंग माहितीपटाच्या अंगाने येत राहतात. सारे निवेदन पुरुषनने आईस लिहिलेल्या पत्राच्या स्वरूपात आहे.

ज्या केरळात १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, राजन या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि त्याचे प्रेतही कुटुंबाला कधी मिळाले नाही, त्या केरळात एका अनोळखी प्रेताला नाव मिळवून देणे आणि ते नाव त्याच्या आईपर्यंत पोहोचविणे, या कृतीला जो अर्थ आहे तो वेगळा सांगावयास नको.

४

या चित्रपटाचे सर्वांत मोठे सामर्थ्य त्याच्या निर्मितिप्रक्रियेशी थेट निगडित आहे. ओडेसाचे कार्यकर्ते गावामागून गाव घेत निघाले आणि प्रत्येक गावाने त्यात काही भर घातली. पुरुषन मुक्कामामागून मुक्काम घेत निघतो आणि प्रत्येक मुक्कामी एक माणूस वाढतो. चित्रपटासाठी पैसा ज्या रीतीने गोळा झाला, त्याच रीतीने चित्रपटात माणसे गोळा होतात. येथे साधनांच्या अभावाचे रूपांतर आकृतिबंधात झाले आहे. कथानकाला नाट्यमय चढउतार नाही, संघर्षबिंदू नाही. आहे ती केवळ वाढत जाणारी संख्या. आणि ही वाढच चित्रपटाचा आशय आहे. पडद्यावरील बहुतेक चेहरे प्रेक्षकाला अपरिचित आहेत, हेही या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. या समूहात एखादा ख्यातनाम नट असता, तर समूहाचा समूहपणाच संपला असता. बाकीचे त्याच्या मागे चालणारे झाले असते. म्हणजे 'पैसे अधिक असते तर हाच चित्रपट अधिक चांगला झाला असता' हे गृहीत निदान या ठिकाणी सपशेल खोटे ठरते. अधिक पैशांनी हा चित्रपट बिघडला असता.

अल्पखर्च म्हणजे ओबडधोबडपणा, हे समीकरणही येथे टिकत नाही. वेणू यांच्या कृष्णधवल छायालेखनाला या चित्रपटासाठी आणि त्याच वर्षीच्या आणखी एका चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रस्ते, पाणी, अंधाऱ्या खोल्या आणि चालणाऱ्या माणसांच्या रांगा यांतून प्रदेशाचा जो प्रत्यय येतो, तो कोणत्याही सवलतीची अपेक्षा ठेवत नाही.

परंतु दोषांचे काय? ते आहेत, आणि त्यांची एकत्र मोट बांधणे योग्य होणार नाही. त्यांचे किमान तीन वर्ग करावे लागतात. पहिला वर्ग केवळ रूढ सफाईपासूनच्या विचलनांचा. कथाचित्र आणि माहितीपट यांमधील सांधे उघडे राहणे, दृश्यांची लांबी प्रेक्षकाच्या सवयीपेक्षा अधिक असणे, या गोष्टी या वर्गात येतात. त्यांना दोष म्हणणे ही मोजपट्टीची चूक आहे. दुसरा वर्ग खऱ्या अर्थाने साधनांच्या अभावातून आलेल्या उणिवांचा. काही संवादांतील आवाज चेहऱ्यांपासून सुटलेला वाटतो. काही नवख्या कलावंतांचे बोलणे पाठ केल्यासारखे होते. यांतून कोणताही अर्थ निष्पन्न होत नाही. त्या उणिवाच आहेत आणि तशीच त्यांची नोंद झाली पाहिजे. त्यांचे कारण सांगता येते. मात्र कारण सांगितल्याने त्यांचे गुणात रूपांतर होत नाही.

तिसरा वर्ग सर्वांत महत्त्वाचा, आणि सवलत देणारी समीक्षा नेमकी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हा वर्ग पैशांशी संबंध नसलेल्या दोषांचा आहे. 'अम्मा अरियान' हा आईला उद्देशून सांगितलेला चित्रपट आहे; आईच्या दारापर्यंत जाण्याचा तो प्रवास आहे. परंतु चालणारा समूह प्रामुख्याने तरुण पुरुषांचा आहे. स्त्रिया घरी असतात, वार्ता ऐकतात, दुःख सोसतात. पत्र आईला लिहिले जाते. तिचे उत्तर मात्र चित्रपटाच्या रचनेत फारसे अपेक्षितच नाही. मातृत्वाला दिलेली ही प्रतिष्ठा एका परीने स्त्रीला इतिहासाच्या बाहेर, साक्षीदाराच्या जागी बसविते. ही मर्यादा दृष्टीची आहे. एखादी तरुणी त्या समूहात चालली असती, तर चित्रपटाचा खर्च एका रुपयानेही वाढला नसता. त्याचप्रमाणे मृताच्या आयुष्याविषयी भेटणाऱ्या मित्रांच्या साक्षी परस्परांपासून पुरेशा भिन्न होत नाहीत. कोणी हरीविषयी संशय, राग वा उदासीनता ठामपणे मांडत राहिला असता, तर समूहाची एकजूट अधिक कष्टाने मिळविलेली वाटली असती. या दोषांना दारिद्र्याच्या आड लपविणे म्हणजे दिग्दर्शकाला विचार करणारा माणूस मानण्याचेच नाकारणे होय.

५

येथपर्यंतचे विवेचन निकषांविषयीचे झाले. सवलत का देऊ नये, याचे अधिक निर्णायक कारण मात्र वेगळे आहे. ते 'अल्पखर्ची' या शब्दाच्या अर्थात दडलेले आहे.

कोणताही चित्रपट खऱ्या अर्थाने स्वस्त नसतो. जो खर्च हिशेबाच्या वहीत दिसत नाही, तो दुसऱ्या कोणी तरी उचललेला असतो. चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप' (१९७८) हे याचे बोलके उदाहरण आहे. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील कृष्णवर्णीय कामगारांच्या जीवनावरील हा चित्रपट बर्नेट यांनी विद्यापीठातील पदवीसाठी, आठवड्याच्या सुट्यांमध्ये, दहा हजार डॉलरपेक्षाही कमी खर्चात चित्रित केला. त्यातील गाण्यांचे हक्क मात्र घेतलेले नव्हते. परिणामी जवळजवळ तीन दशके तो चित्रपटगृहांत रीतसर प्रदर्शितच होऊ शकला नाही. ते हक्क मिळविण्यासाठी पुढे सुमारे दीड लाख डॉलर मोजावे लागले, तेव्हा कोठे २००७ मध्ये तो प्रदर्शित झाला. टाळलेला खर्च कोठेही नाहीसा झाला नव्हता; तो थकबाकी होऊन चित्रपटाच्या वाटेत उभा राहिला होता.

'अम्मा अरियान'च्या बाबतीतही हे पाहता येते. जॉन, छायालेखक वेणू आणि संकलक बीना हे तिघेही पुण्याच्या संस्थेत शिकलेले होते. म्हणजे १९६० मध्ये शासनाने स्थापन केलेल्या संस्थेतील सार्वजनिक गुंतवणूक या 'स्वतंत्र' चित्रपटामागे होती. चित्रपट स्वतंत्र होता तो व्यापारी भांडवलापासून. समाजापासून तो स्वतंत्र नव्हता, आणि तसा त्याचा दावाही नव्हता. अशा निर्मितींमध्ये एरवीही मित्रांचे विनामूल्य श्रम, उसनी घरे, ज्यांच्या जीवनावर चित्रपट आहे त्यांनी दिलेला वेळ आणि चेहरा, अशा कितीतरी गोष्टी खर्ची पडतात. त्या जमाखर्चात दाखविण्याची रीत नाही, एवढेच.

आणि सर्वांत वर, गावकऱ्यांनी दिलेले पैसे. या पैशांचे स्वरूप काय? येथे श्याम बेनेगल यांच्या 'मंथन' (१९७६) या चित्रपटाची तुलना उद्बोधक ठरते. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख रुपयांत तो चित्रपट झाला. त्याच्या लेखनात विजय तेंडुलकरांचा वाटा होता. तेथे पैसा देणाऱ्यांमागे एक सहकारी संघटना होती आणि पडद्यावर त्यांचीच कथा, परिचित नटांच्या मुखातून आणि सहज आकळणाऱ्या रूपात, सांगितली गेली. ओडेसाला पैसे देणाऱ्यांच्या वाट्याला मात्र एक दुर्बोध म्हणावा असा, संथ आणि उघड्या सांध्यांचा चित्रपट आला. लोकांच्या पैशांतून लोकांना कठीण वाटणारी कलाकृती निर्माण करणे हा विश्वासभंग आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मराठीतील 'वर्गणी' हा शब्द उपयोगी पडतो. वर्गणी म्हणजे तिकीट नव्हे. तिकिटाच्या मोबदल्यात अपेक्षित करमणूक मिळाली पाहिजे, असा करार असतो. ती भांडवलही नाही, कारण तिच्यावर नफा मागता येत नाही. ती भिक्षा वा दानही नाही, कारण दान दिल्यावर दात्याचा हक्क संपतो. जत्रेसाठी वा सार्वजनिक उत्सवासाठी वर्गणी देणारा मनुष्य खेळ कोणता लावावा हे एकटा ठरवीत नाही. तो आवडला नाही म्हणून पैसेही परत मागत नाही. पण हिशेब विचारण्याचा त्याचा हक्क कायम असतो. 'माझे दोन रुपये कोणत्या कामी लागले?' या प्रश्नाला उत्तर देण्यास मंडळ बांधील असते. तेव्हा कठीण चित्रपट करणे हा विश्वासभंग ठरत नाही. वर्गणीदाराला कठीण गोष्ट समजणार नाही असे गृहीत धरणे, हाच उलट त्याचा अवमान झाला असता. विश्वासभंग होतो तो निष्काळजीपणाने. जे अधिक नीट पाहता आले असते, ते न पाहण्याने.

आता सवलतीचा प्रश्न नव्याने मांडता येतो. थकबाकी माफ करण्याचा अधिकार ज्याचे येणे असते त्यालाच असतो. अल्पखर्ची चित्रपटाचे ऋण आहे ते वर्गणीदारांचे, विनामूल्य राबणाऱ्यांचे, आपले जीवन चित्रणासाठी खुले करणाऱ्यांचे. समीक्षकाने या व्यवहारात काहीही दिलेले नसते. असे असता 'एवढ्या पैशांत एवढे पुष्कळ' असे म्हणून तो जे ऋण माफ करतो, ते त्याचे नसतेच. दुसऱ्याच्या खिशातून केलेले हे औदार्य आहे.

६

याचा अर्थ समीक्षकाने कठोर व्हावे, एवढाच नाही. कठोरपणाही आळशी असू शकतो. श्रीमंत चित्रपटाची मोजपट्टी घेऊन गरीब चित्रपटाच्या उणिवा मोजणे हा सवलतीइतकाच सोपा मार्ग आहे. दोन्ही मार्गांत कलाकृतीकडे पाहण्याचे कष्ट टळतात. अपेक्षित आहे तो हिशेब : उपलब्ध साधनांपैकी काय आकृतिबंधात सामावले गेले, काय केवळ उणीव म्हणून उरले, आणि कोणत्या चुका पैशांच्या नव्हत्याच, याची वेगवेगळी नोंद.

या हिशेबाची निकड आज कमी झालेली नाही. अंकीय कॅमेऱ्यांमुळे चित्रीकरण पूर्वीच्या मानाने स्वस्त झाले आहे. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) या चित्रपटाच्या यशानंतर तर खर्चातील काटकसर हाच जाहिरातीचा विषय होऊ शकतो, हे व्यापारी जगालाही उमगले. जेव्हा दारिद्र्याची खूण बाजारात विकली जाऊ लागते, तेव्हा केवळ त्या खुणेवरून मूल्य ठरविणारी समीक्षा नकळत विक्रेत्याचे काम करू लागते. प्रतिमा खडबडीत आहे म्हणून ती प्रामाणिक आहे, हे अनुमान प्रतिमा गुळगुळीत आहे म्हणून ती श्रेष्ठ आहे, या अनुमानाइतकेच दुबळे आहे.

'अम्मा अरियान'ला अशा कोणत्याही खुणेची गरज नाही. एका अनोळखी प्रेताला नाव मिळावे आणि ते नाव त्याच्या आईपर्यंत पोहोचावे, एवढ्यासाठी माणसे चालत राहतात, आणि त्यांच्या चालण्यासाठी ज्यांनी पैसे दिले तीही त्यांच्यासारखीच, नाव नोंदले न गेलेली माणसे होती. चित्रपटाने काय साधले आणि त्याच्या नजरेतून काय निसटले, हे दोन्ही स्पष्टपणे जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे. समीक्षेने तो हक्क स्वतःच्या सौजन्यासाठी खर्च करू नये.